पॉलिमायोसायटिस लिहिणं मी का सोडलं

स्नायुदाहाच्या वर्गीकरणाबद्दल माझं मत बरीच वर्षं चार शब्दांत मावत असे: नाव काहीही, गोळी तीच. रुग्ण आला की प्रेडनिसोलोन सुरू करायचं, जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन, महिन्याने सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम बघायचं आणि ताकद तपासायची. मग आजार पॉलिमायोसायटिस की डर्मॅटोमायोसायटिस की आणखी काही, यावर परिषदांमधून तासन्‌तास खल कशाला? रेसिडेंट मुलं तक्त्यांत शिरली की मी त्यांना म्हणायचो, "आधी पेशंटला उभं करा, मग रकाने भरा." हे वाक्य मला फार आवडायचं, मुलंही हसायची. आता मी ते म्हणत नाही. मत एका दिवसात बदललं नाही. कुणी वादात हरवलं म्हणूनही नाही. ते हळूहळू सरकत गेलं, आणि सरकताना काय काय घडलं ते इथे मांडतो आहे.

ज्यांचा या आजारांशी संबंध आलेला नाही (आणि न येवो) त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्नायूंवर उलटते तेव्हा हे आजार होतात. ते दुर्मीळ आहेत. मुलांमधला डर्मॅटोमायोसायटिस दर दहा लाख मुलांमागे वर्षाला दोन ते चार जणांना होतो. यात दुखणं कमी आणि अशक्तपणा जास्त, तोही कंबर, मांड्या आणि खांद्यांच्या मोठ्या स्नायूंत. पण "माझी ताकद कमी झाली" असं आपल्याकडे रुग्ण क्वचितच म्हणतो. तो सांगतो, संडासात बसलं की उठता येत नाही, नळ धरून उठावं लागतं. बायका सांगतात, वेणी घालताना हात खाली येतात, फळीवरचा डबा काढवत नाही. एसटीची पहिली पायरी ही तर उत्तम चाचणी आहे. जगातल्या एकाही समितीने ती निकषांत घेतलेली नाही, हा त्यांचा तोटा. लहान मूल असेल तर आई म्हणते, हल्ली सारखा कडेवर घे म्हणतो, जिना चढत नाही, आणि बाई म्हणतात आळशी झालाय.

माझ्या पिढीने हे सगळं ज्या चौकटीत बसवलं ती १९७५ सालची. अँथनी बोहान आणि जेम्स पीटर या दोघांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन भागांत ती मांडली. तिचे निकष पाच: दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्नायूंतला अशक्तपणा, रक्तात वाढलेली स्नायूंची एन्झाइम्स, ईएमजीतले (स्नायूंच्या विद्युत तपासणीतले) ठरावीक बदल, बायोप्सीत दाह आणि त्वचेवरचे विशिष्ट चट्टे. पहिले चार जमले आणि चट्टे नसले तर पॉलिमायोसायटिस. चारांतले तीन आणि चट्टे असले तर डर्मॅटोमायोसायटिस. रुग्णांचे गटही पाचच, त्यांतला एक मुलांचा. एका बोटावर एक निकष, हात मिटला की निदान. ही चौकट मी पाठ केली, शिकवली, परीक्षेत तिच्यावर प्रश्न काढले. ती सोपी होती म्हणून टिकली, आणि टिकली म्हणून खरी वाटू लागली.

पहिला धक्का मिळाला तो साठीपुढच्या पुरुषांकडून. हा रुग्ण उठताना अडखळतो, वारंवार पडतो, मांड्या पुढून बारीक झालेल्या असतात. सीपीके थोडं वाढलेलं, ईएमजी बिघडलेली, बायोप्सीत दाह. चार निकष पूर्ण, पॉलिमायोसायटिस पक्का. पण याच्याशी हात मिळवला की कळतं, बोटं मिटत नाहीत. कुलपात किल्ली फिरत नाही, नेलकटर दाबला जात नाही. हा इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस. त्याला नाव १९७१ सालीच मिळालं होतं, पण १९७५च्या पाच गटांत त्याला जागा नव्हती. स्टिरॉइडने याला काही उतार पडत नाही. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो आणि पडणं चालूच राहतं. "नाव काहीही, गोळी तीच" या माझ्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग इथे थेट अपाय करणारा होता. तरीही मी मत बदललं नाही. एक अपवाद मान्य केला आणि पुढे गेलो. अपवाद मानून मूळ मत वाचवणं ही वैद्यकातली जुनी खोड आहे.

दुसरा अपवाद आला कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत. स्टॅटिन घेणाऱ्यांचे स्नायू दुखतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोळी थांबवली की बहुतेकांचं ते थांबतं. पण काहींचं थांबत नाही. गोळी बंद होऊन महिने उलटले तरी सीपीके हजारांत राहतं आणि माणूस अधिकाधिक दुबळा होत जातो. बायोप्सी पाहावी तर दाहाच्या पेशी जेमतेम, आणि मेलेले स्नायुतंतू मात्र जागोजागी. २०१० आणि २०११ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिसा ख्रिस्टोफर-स्टाइन, अँड्र्यू मॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं ओळखली. ती एचएमजीसीआर या एन्झाइमवर रोखलेली होती, आणि स्टॅटिन काम करतं ते नेमकं याच एन्झाइमवर. आजाराचं कारण आणि त्याचं लक्ष्य एका रेषेत दिसावं असं आमच्या शाखेत फार क्वचित घडतं. जुन्या चौकटीत हा रुग्णही पॉलिमायोसायटिसमध्येच जात होता.

इथे माझी एक बालरोगतज्ज्ञ मैत्रीण मधे येते. तिला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, हेच प्रतिपिंड मुलांतही सापडतंय, आणि त्यांनी आयुष्यात स्टॅटिन पाहिलेलं नसतं." तिचं म्हणणं बरोबर होतं. अशी मुलं हळूहळू अशक्त होतात, अंगावर चट्टे नसतात, सीपीके भरमसाट असतं, आणि ती हुबेहूब लिंब-गर्डल स्नायुक्षयासारखी दिसतात. तो आजार जनुकांतला. एकदा तो शिक्का बसला की आईबाप औषधाची आशा सोडतात आणि व्हीलचेअरच्या चौकशीला लागतात. प्रत्यक्षात मात्र हा प्रतिकारयंत्रणेचा आजार असतो, उपचारांना, विशेषतः इम्युनोग्लोब्युलिनला, दाद देणारा. कोणत्या रकान्यात नाव पडतं यावर एका मुलाचं चालणं अवलंबून असेल, तर रकान्यांची थट्टा करणं मला जड जाऊ लागलं.

दरम्यान न्यूरॉलॉजीवाले आमच्यावर हसत होतेच. २००३ साली अँथनी अमाटो आणि रॉबर्ट ग्रिग्ज यांनी एका लेखाच्या शीर्षकात पॉलिमायोसायटिसला युनिकॉर्न आणि ड्रॅगनच्या पंगतीला बसवलं होतं: ज्याच्याबद्दल सगळे बोलतात पण जो सापडत नाही असा प्राणी. तेव्हा मला तो शाखाभिमानाचा चावटपणा वाटला. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या २६० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात संशोधकांनी आधीची नावं बाजूला ठेवली. लक्षणं, बायोप्सी आणि प्रतिपिंडं यांची माहिती संगणकाला दिली आणि गट आपोआप पडू दिले. चार गट पडले: इन्क्लूजन बॉडी, डर्मॅटोमायोसायटिस, इम्यून-मेडिएटेड नेक्रोटायझिंग मायोपॅथी (स्टॅटिनवाला आजार यातलाच) आणि अँटिसिंथेटेज सिंड्रोम. पॉलिमायोसायटिसचा गट पडलाच नाही. तिथले रुग्ण उरलेल्या घरांत विखुरले गेले, मुख्यतः शेवटच्या दोनांत.

तरी माझ्या मनात एक शंका होतीच. संगणकाने गट पाडले म्हणून काय? उपचारात फरक पडतो का, ते दाखवा. याचं उत्तर मला एका जुन्या आणि वरवर फसलेल्या अभ्यासात मिळालं, आणि मत खऱ्या अर्थाने तिथे पालटलं. २०१३ साली रिटुक्सिमॅबची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण २००: पॉलिमायोसायटिसचे ७६, प्रौढ डर्मॅटोमायोसायटिसचे ७६ आणि मुलांच्या डर्मॅटोमायोसायटिसचे ४८. अर्ध्यांना औषध सुरुवातीला दिलं, अर्ध्यांना आठ आठवड्यांनी. लवकर दिलेल्यांना लवकर उतार पडेल अशी अपेक्षा होती, पण दोन्ही गटांत फरक दिसला नाही. चाचणीचं मुख्य उद्दिष्ट हुकलं. गंमत अशी, की शेवटी ८३ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली होती. म्हणजे औषध चाललं असावं, पण तसं सिद्ध करता आलं नाही. तेव्हा मी अहवाल वाचून मिटला आणि आमच्या दुर्मीळ आजारांत हे असंच चालायचं म्हणून सोडून दिलं.

पुढच्या वर्षी रोहित अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा चाळली, या वेळी रुग्णांची विभागणी प्रतिपिंडांनुसार करून. अँटिसिंथेटेज गटातल्या (त्यात जो-१ आलं) आणि एमआय-२ प्रतिपिंड असलेल्या रुग्णांत सुधारणा लवकर आणि जास्त झालेली दिसली. या ओळखीच्या प्रतिपिंडांपैकी एकही नसलेले मागे राहिले होते. औषध तेच, मात्रा तीच. फसली असेल तर निवड फसली होती. तांदूळ, वरी आणि राळा एकाच पातेल्यात टाकून किती शिट्ट्या लागतात ते मोजावं, तसं झालं होतं. "गोळी तीच" हे मी इतकी वर्षं ठामपणे म्हणू शकत होतो, त्याचं कारण हेच होतं की आम्ही रुग्ण वेगळे काढतच नव्हतो. वेगळे काढले नाहीत तर गोळीतला फरक दिसणार कसा? माझं मत ज्या पुराव्यावर उभं होतं, तो पुरावा माझ्याच मताने तयार केलेला होता. हे लक्षात आलं त्या दिवशी मी ओपीडीत नेहमीपेक्षा कमी बोललो म्हणे.

त्यानंतर मी २०१७चे निकष पुन्हा काढले. ते आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. युरोपातली युलार आणि अमेरिकेतली एसीआर या दोन संस्थांचा हा एकत्रित प्रकल्प. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या इंग्रिड लुंडबर्ग त्याच्या अग्रभागी होत्या. जगभरातल्या ४७ केंद्रांतून स्नायुदाहाचे ९७६ रुग्ण आणि तुलनेला तसेच दिसणारे पण दुसराच आजार असलेले ६२४ जण घेतले. स्नायुदाहाच्या रुग्णांत जवळपास चौथा हिस्सा मुलांचा होता, हे मला विशेष वाटतं, कारण मुलांना तळटीपेत ढकलायची आमची सवय आहे. या निकषांत बोटं मोजायची नाहीत, गुण जोडायचे. बायोप्सी नसेल तर ५.५ गुणांना आजार संभाव्य, ७.५ गुणांना निश्चित. मला तेव्हा वाटलं होतं, झालं, आता डॉक्टर वाण्यासारखे दशांशात हिशेब करणार.

पण दशांश नीट वाचले तर त्यांत क्लिनिकचं शहाणपण दडलेलं दिसतं. मी स्वतः कागद घेऊन बसलो. एका माणसाचे हात दुबळे (०.७), पाय दुबळे (०.८), मान उचलणारे स्नायू मागच्या स्नायूंपेक्षा दुबळे (१.९), मांड्या पोटऱ्यांपेक्षा दुबळ्या (०.९), गिळायला त्रास (०.७), एन्झाइम्स वाढलेली (१.३). बेरीज ६.३. तो चाळिशीपुढचा असेल तर वयाचे २.१ मिळतात, एकूण ८.४, म्हणजे निश्चित. तेच सगळं आठ वर्षांच्या मुलाला असेल तर वयाचे गुण शून्य. ते ६.३ वर थांबतं, फक्त संभाव्य. आधी मला हा मुलांवर अन्याय वाटला. मग मैत्रिणीचा आवाज कानात आला. चट्टे नसलेलं, दुबळं, सीपीके वाढलेलं मूल पाहिलं की बालरोगतज्ज्ञाच्या मनात पहिल्यांदा स्नायुदाह येतच नाही. मुलगा असेल तर ड्यूशेन स्नायुक्षय येतो, पोटऱ्या जाड आहेत का हे बघितलं जातं, नुकताच ताप येऊन गेला का विचारलं जातं. तोच अशक्तपणा मुलात आणि प्रौढात वेगळी शक्यता सांगतो, म्हणून तर चट्टे नसतील तेव्हा बायोप्सी करा, असं निकष बजावतात. आमच्या चर्चांत जे "अनुभव" या नावाखाली खपतं, ते इथे आकड्यात आलं होतं.

उलट बाजूही पाहिली. चाळिशीपुढच्या बाईच्या बोटांच्या सांध्यांवर उंचवटे (२.१) आणि सांध्यांवर लाली (३.३), वयाचे २.१. बेरीज बरोबर ७.५. आजार निश्चित, आणि स्नायूंची ताकद पूर्ण शाबूत. स्नायुदाहाचं निदान स्नायू न बिघडता! जुन्या चौकटीत या बाईला जागा नव्हती, आणि नेमकी हीच कधी कधी सगळ्यांत धोक्यात असते. २००५ साली जपानी संशोधकांनी अशा रुग्णांत एक प्रतिपिंड शोधलं. पुढे कळलं की ते एमडीए-५ या प्रथिनावर रोखलेलं आहे. स्नायू ठणठणीत, सीपीके जवळपास नॉर्मल, आणि फुप्फुसं काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात. "ताकद चांगली आहे, महिन्याने या" असं सांगून मोकळं होण्याची ही जागा नव्हे.

वयाचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त पटला तो एका वेगळ्या प्रतिपिंडामुळे. टीआयएफ-१ गॅमा प्रौढात, विशेषतः चाळिशीनंतर सापडलं, तर शरीरात कुठेतरी कर्करोग लपला आहे का, हे शोधायलाच हवं. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ते जास्त धोक्याच्या यादीत आहे. तेच प्रतिपिंड मुलांत वारंवार सापडतं आणि तिथे कर्करोगाशी त्याचा संबंध दिसत नाही. तिथे ते चट्ट्यांचा हट्टी, लांबणारा आजार सुचवतं. एनएक्सपी-२ प्रौढात कर्करोगाची शंका घेऊन येतं, आणि मुलांत त्वचेखाली कॅल्शियमच्या गाठींची. रक्ताच्या रिपोर्टवरची ओळ अक्षरशः सारखी. ती वाचून एकाचं सगळं शरीर सीटी स्कॅनखाली घालायचं आणि दुसऱ्याला तो त्रास द्यायचा नाही. मुलं आणि प्रौढ यांना एकाच तक्त्यात ठेवणं मला आधी कंटाळवाणं वाटायचं. आता वाटतं, एकाच तक्त्यात ठेवलं म्हणूनच हा फरक उघडा पडतो.

आता माझ्या कुरबुरी. मत बदललं म्हणजे मी २०१७च्या निकषांचा भाट झालो नाही. त्यांत प्रतिपिंड एकच, जो-१, कारण बाकीच्यांची पुरेशी माहिती तेव्हा केंद्रांकडे नव्हती. त्यामुळे स्टॅटिनवाला आजार अजूनही पॉलिमायोसायटिसच्या पोटात आहे. चट्टे नसलेल्या मुलांची संख्या इतकी थोडी की त्यांच्यासाठी फांदी काढली आहे, पण तिच्यावर पानं नाहीत. आणि पापण्यांवरचा जांभळट रंग, त्याला तब्बल ३.१ गुण! गोऱ्या कातडीवर तो लांबून दिसतो. आपल्या सावळ्या चेहऱ्यांवर तो काळसर सूज म्हणून दिसतो, आणि घरचे म्हणतात जागरणाने डोळे ओढलेत. खिडकीजवळ नेऊन, कधी रुग्णाचा आधार कार्डावरचा फोटो बाजूला धरून मी तो शोधतो. हे कुठल्याही निकषात लिहिलेलं नाही, पण लिहायला हरकत नव्हती.

शिवाय हे निकष संशोधनासाठी गट जमवायला बनवले आहेत, समोरच्या एका माणसाचं निदान ठरवायला नाहीत. सगळ्या गटात ते उत्तम ठरतात (बायोप्सीशिवाय ८७ टक्के आजारी बरोबर पकडतात आणि ८२ टक्के दुसऱ्या आजाराचे बरोबर बाजूला काढतात), पण माझ्यासमोर बसलेला उरलेल्यांतला असू शकतो. या मुद्द्यावर मी पूर्वी होतो तिथेच आहे.

उलट नव्या पिढीची घाई मला सतावते. हल्ली रेसिडेंट सरळ मायोसायटिस प्रोफाइल पाठवतात. एका पट्टीवर डझनभर प्रतिपिंडं, बिल हजारो रुपयांचं, आणि रिपोर्टात तीन ठिकाणी "वीक पॉझिटिव्ह". या पट्ट्यांवर खोटे पुसट ठसे उमटतात हे जगभर माहीत आहे. एखाद्या तरण्या मुलीच्या रिपोर्टात टीआयएफ-१ गॅमा पुसट दिसलं म्हणून घरचे कर्करोगाच्या भीतीने रात्र रात्र जागतात, आणि मुलीच्या अंगावर एकही चट्टा नसतो. अशा वेळी मी मुलांना म्हणतो, रिपोर्ट आणि रुग्ण एकमेकांशी जुळत नसतील तर रिपोर्टला आधी उभं करा.

सध्या माझी पद्धत अशी आहे. केसपेपरवर मी पॉलिमायोसायटिस लिहीत नाही. "स्नायुदाह, प्रकार ठरायचा आहे" असं लिहितो आणि खाली कशाची वाट पाहतोय ते लिहितो: बायोप्सी, जो-१, बोटांची पकड, छातीचं सीटी. साठीच्या माणसाची पकड मी स्टिरॉइड लिहिण्याआधी तपासतो. चट्टे नसलेलं मूल आलं तर मैत्रिणीला फोन जातो, आणि जनुकीय चाचणीत स्नायुक्षय सिद्ध झाला नसेल तर एचएमजीसीआर मागितल्याशिवाय आम्ही आईबापांशी व्हीलचेअरचं बोलत नाही. प्रोफाइलचे पैसे ज्यांना परवडत नाहीत, आणि असे बरेच असतात, त्यांच्यासाठी त्वचा, सीपीके आणि छातीचं सीटी एवढ्यावर निभावतो. त्यातून मिळालेलं नाव अर्धवट असतं. ते अर्धवट आहे असं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पैसे जमले की कोणती एकच चाचणी आधी करायची, ते पुढच्या डॉक्टरला कळतं.